मिरचीचे हात

तांडापेठ, नागपूर
मार्गशीर्ष, सोमवार

प्रिय ताराचंद,

आम्ही सगळे खुशाल आहोत, हे पहिल्याच ओळीत लिहितो. नाहीतर पोस्टमन दारात पाहून चष्मा सापडेपर्यंत तू अर्धं भिवापूर गोळा करायचास. आज दुकानाला सुट्टी आहे. सकाळी महादेवाला पाणी घालून आलो, पुष्पलताने नातीसाठी पोहे केले, वेदिकाने त्यातले शेंगदाणे वेचून कुडुमकुडुम खाल्ले, आणि आता ती पायरीवर बसून बाहुलीचे दात घासते आहे. बाहुलीला तोंड उघडता येत नाही म्हणून तिच्यावर रागावणंही चालू आहे. घरात ऊन आलं आहे. अशा वेळी माणसाने कोणाला तरी पत्र लिहावं असं वाटतं.

फोन केला असता, पण फोनवर तुझं आणि माझं बोलणं होतं का कधी? तू ‘हाव गा, हाव गा’ म्हणतोस, मी थंडी किती पडली ते विचारतो, आणि दोघेही सुटलो बुवा म्हणून फोन ठेवतो. धोंडबा गुरुजींनी चौथीत आपल्याला पत्रलेखन शिकवलं ते आठवतं का? एकाच पट्टीवर बसून शेजाऱ्याला पत्र लिहायचं होतं. मी तुला ‘तुमच्या गावी पाऊसपाणी कसे आहे’ असं लिहिलं, आणि तू मला लिहिलंस, ‘तुझं कोपर मले लागून राहिलं, सरकव.’ गुरुजी म्हणाले होते, ताराचंदचं पत्र खरं, जागेश्वरचं नुसतं शुद्ध. आज जमेल तेवढं तुझ्यासारखं लिहितो.

आधी नातीची बातमी. वेदिकाचं वजन वाढलं आहे. गाल भरले आहेत. परवा तिने भाकरीचा कडक पापुद्रा मागून घेतला, पेरू दाढेखाली धरून खाल्ला, आणि बिया दाढेत अडकल्या म्हणून आरशापुढे बराच वेळ तोंड वासून उभी राहिली. मागच्या दाढांवर डॉक्टरीणबाईंनी बसवलेल्या चंदेरी टोप्यांचा तिला भारी अभिमान आहे. कोणी पाहुणा आला की ती आधी त्याला दाढा दाखवते, मग नमस्कार करते. शेजारची एक बाई परवा हसून म्हणाली, एवढ्याशा पोट्टीले कवळी बसवली का काय गा? तर वेदिका तिला म्हणाली, “कवळी नाही, चांदी हाय. तुह्याजवळ हाय का?” पुढे वर दोन दातांची जागा रिकामी आहे, तिथून ‘स’ म्हणताना वारा निघतो. नवे दात सातव्या-आठव्या वर्षी येतील. तोवर तिची शिटी ऐकायला आम्हाला बरी वाटते.

आता ज्या दिवसाचा विषय आपण दोघांनी फोनवर एकदाही काढला नाही, तो काढतो. मागच्या उन्हाळ्यातला. वेदिकाचा वरचा ओठ सुजला होता, अंगात ताप होता, आणि प्रयागवहिनी तिला भिवापूरपासून नागपूरपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तू सोबत होतास. मयुरी आणि तुझा चंदन मोटारसायकलवर पुढे आले होते. दंत महाविद्यालयाच्या दवाखान्यात डॉक्टर दीप्तींनी वेदिकाचा ओठ नुसता बोटाने वर उचलला, तेव्हा माझ्या मुलीने पहिल्यांदा नीट पाहिलं की पुढचे चार दात मुळापाशी काळे होऊन झिजले आहेत आणि दाढांनाही खड्डे पडले आहेत. पोर ओठ मिटून हसायची, आम्ही तिला लाजाळू समजत होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झोपताना तोंडात काय असतं? मयुरीने सांगितलं, चिंधीत बांधलेल्या गुळाची पुरचुंडी. आणि मग बाहेर बाकड्याजवळ, दहा माणसांच्या देखत, माझी मुलगी तुझ्या बायकोला म्हणाली, “तुमच्या गुळानं सडवले माह्या पोरीचे दात.”

मांडीवरची पोर उचलून वहिनींनी पुष्पलताच्या मांडीवर ठेवली, पदर सारखा केला आणि जिन्याने खाली गेल्या. तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे पाहिलं, आणि आपण दोघे शहाणे पुरुष भिंतीवरचं दातांचं चित्र पाहत उभे राहिलो. संध्याकाळच्या गाडीने तुम्ही परत गेलात. तेव्हापासून वहिनी मयुरीशी बोलल्या नाहीत. फोन आला की उठून जातात. वेदिका इथे उपचारासाठी राहिली ती राहिलीच, आणि तिच्यासोबत मयुरीही. चंदन बिचारा खाणीवरून सुट्टी मिळाली की नागपूरला येतो, दुसऱ्या दिवशी परत जातो. पोरीचे दात दुरुस्त झाले, पण तिची आजी तुटली. मला त्या दातांपेक्षा याचीच काळजी जास्त आहे, आणि तुलाही असेल.

उपचाराचं तुला चंदनने सांगितलंच आहे. भूल देऊन दोन दात काढले, दोन वाचवले, दाढा झाकल्या. भूल उतरेपर्यंत मी खाली वडाखाली बसून जप करत होतो, पण माळ कुठवर आली हे मला कळत नव्हतं. त्यानंतर डॉक्टर दीप्तींनी विचारलं, आमच्या अभ्यासात तुमचं घर घ्यायचं का? लहान मुलांचे दात इतक्या लवकर का किडतात आणि ते कशाने टळेल, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. शहरातल्या काही वस्त्या आणि उमरेड-भिवापूरकडच्या काही अंगणवाड्या त्यांनी घेतल्या आहेत. काही गावांत फक्त आयांना शिकवायचं, काही गावांत बाळाला जो जो घेतो त्या सगळ्यांना शिकवायचं, आजोबांनासुद्धा, आणि कुठल्या गावातल्या पोरांचे दात चांगले राहतात ते पाहायचं. निकाल लागायला दोन वर्षं तरी जातील म्हणाल्या. मी हो म्हटलं. मला वाटलं, कोणी तरी आपल्या पोरांचे दात मोजायला बसलं आहे तर आपण तोंड का लपवावं.

मग त्या महिन्यातून एकदा घरी येऊ लागल्या. साध्या बाई आहेत, चपला बाहेर काढून चटईवर बसतात. पोर सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, कोणी दिलं, कधी दिलं, हे विचारतात. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, याला महत्त्व जास्त, असं त्यांनी सांगितलं. गोडाचा कण तोंडात गेला की किडीचे जंतू त्याचा आम्ल रस करतात आणि तो दाताला खातो. थोडा वेळ मिळाला तर लाळ ते धुऊन काढते, दात सावरतो. पण थोड्या थोड्या वेळाने पुन्हा गोड आलं तर त्याला सावरायला उसंतच नाही. झोपेत तर लाळ आटते, म्हणून रात्रीची साखरदुधाची बाटली सगळ्यात वाईट. आणि ते जंतू बाळ पोटातून घेऊन येत नाही. आपणच देतो, आपल्या तोंडातला चमचा त्याच्या तोंडात घालून. वरण गरम आहे का ते चाखून पाहायचं आणि त्याच चमच्याने भरवायचं, हे आपल्याकडे कोणी केलं नाही सांग.

असं एकेक निघत गेलं तेव्हा आमच्या घरातली मजा पाहण्यासारखी होती. मयुरी रात्री शाळेच्या वह्या तपासायची तेव्हा वेदिका बाटली तोंडात घेऊनच झोपायची, हे तिने स्वतः सांगितलं. खोकल्याचं गोड औषध झोपताना. चंदनकडून बिस्किटं. मी म्हटलं, आमच्याकडे आली तेव्हा मी काही दिलं नाही. तर पुष्पलता आतून म्हणाली, महादेवाचे साखरफुटाणे कोण आणत होतं मग? देवाच्या नावानं तुमचंच जास्त झालं. डॉक्टरीणबाई हसल्या. आता मी देवळातून बेलाचं पान आणतो. वेदिका ते कानाला लावून हिंडते. देव रागावल्याचं काही दिसलं नाही.

त्यांनी एकदा माझेही दात पाहिले. पुढच्या दाताला एक बारीक खाच आहे, ती पाहून म्हणाल्या, काका, तुम्ही विणकर होता का? मी चकित झालो. लहानपणी मागावर सूत दाताने तोडून तोडून पडलेली ती खाच, आईच्या दातालाही होती, तुझ्याही असेल. मी त्यांना सांगितलं की आमच्या आयांनीही आम्हाला झोळीत टाकून, तोंडात गुळाची चिंधी देऊनच माग चालवला, आमचे दात तर नाही सडले. त्या म्हणाल्या, सडले असतील, तुम्हाला आठवत नाही. आणि खरंच, मला माझी धाकटी बहीण आठवली. गाल सुजवून, फडकं बांधून कोपऱ्यात बसलेली. आम्ही म्हणायचो, दाढेत अळी आहे. दुधाचे दात, पडणारच आहेत, असं म्हणून सोडून द्यायचो. पोर जेवत नाही म्हणून मात्र आई तिला रागवायची. आता कळतं, ती का जेवत नव्हती.

देवाने माणसाला सगळं एकेकदाच दिलं, दात मात्र दोनदा दिले, असं मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो होतो. मला वाटलं, त्यांना हे आवडेल. त्या म्हणाल्या, काका, पण पहिला डाव सरावाचा नाही. हिरडीखालचे पक्के दात वरच्या दुधाच्या दातांच्या भरवशावर असतात, वरचे लवकर गेले तर खालच्यांना वाट सापडत नाही. मी ते महादेवासमोर बसून पुष्कळ दिवस घोळवत होतो.

मधे तान्हा पोळा आला. चंदन वेदिकाला घेऊन तुमच्याकडे आला होता. मयुरी गेली नाही. लाकडी बैल घेऊन पोर परत आली, बैलाच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, तू रंगवलेला दिसत होता. पण आल्यावर ती जेवली नाही. पुष्पलताने विचारलं तर म्हणाली, “आजीनं मले घेतलंच नाही. हात मागं लपवून उभी राहिली.” मग मला विचारलं, आबा, आजी काहून बोलत नाही? मी तिला बैलाला पाणी पाजायला लावलं. मयुरी स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं. त्या दिवशी भांडी जरा जास्त वाजली, एवढंच.

आता मुख्य गोष्टीवर येतो. दिवाळीनंतर डॉक्टर दीप्ती आल्या होत्या. पुरचुंडीचा विषय पुन्हा निघाला. त्यांनी विचारलं, बाळ रडलं तर उचलून घ्यायचं सोडून आजी कापडाची गाठ का देत होत्या? मयुरीला याचं उत्तर ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, त्यांना पोरीला उचलायला आवडत नसेल. दिवसभर समोरच्या सातऱ्यावर, मिरच्या वाळवतात त्या अंगणात, देठं खुडत बसायच्या आणि पोर रडली की तिथूनच तुला ओरडून सांगायच्या, “अहो, द्या ना तिले एक.” ती स्वतः शाळेतून यायची तेव्हाही बघायची, पोर त्यांच्याकडे धावली की त्या दोन्ही हात वर करायच्या, जशी काही पोर नाही, जळता इस्तवच आहे. ती हे रागाने नाही, थकून बोलत होती. मला तेव्हा उमगलं की माझ्या मुलीच्या मनात दातांच्याही आधीपासून हे सलत होतं.

आणि मला, ताराचंद, वेदिकाच्या दुसऱ्या बोरन्हाणाची संध्याकाळ आठवली. आम्ही दोघं तुमच्याकडे आलो होतो. तू पडवीत शिलाई मशीनवर, एक पाय पायट्यावर, एक हात झोळीच्या दोरीला. रस्त्याच्या पलीकडे सातऱ्यावर लाल मिरची पसरलेली, सगळं अंगण पेटल्यासारखं दिसत होतं. देठं खुडणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून बसल्या होत्या. कामावरून सुटून वहिनी आल्या. वेदिका नुकती धावायला लागली होती, ती झोळीतून उतरून झेपावली. वहिनींनी दोन्ही हात डोक्यावर धरले आणि तिला नुसती गुडघ्यांत घेतली, पदराचं टोक तिच्या मुठीत दिलं, आणि तशाच मोरीकडे गेल्या. मी पाणी प्यायला आत गेलो होतो म्हणून पाहिलं. त्यांचे तळवे लालबुंद होते. आधी तेल चोळलं, मग बेसन, मग राख, मग पुन्हा तेल. मधेच एक बोट स्वतःच्या डोळ्याच्या कडेला लावून पाहिलं. डोळ्यात पाणी आलं. पुन्हा धुतलं. पुन्हा लावून पाहिलं. बोरन्हाणाची मंडळी खोळंबली होती, पुष्पलता हाक मारत होती. डोळा झोंबायचा थांबला तेव्हाच त्या बाहेर आल्या आणि त्यांनी नातीला कडेवर घेतलं. त्यांनी मला पाहिलं आणि हसून म्हणाल्या, “पोट्टीचं अंग कवळं हाय, भाऊ. माही आग तिले काहून?” पुरचुंड्यांचंही त्यांनीच सांगितलं होतं. पहाटे मिरचीला हात लागायच्या आधी, आंघोळ करून, धुतलेल्या मऊ चिंधीत गूळ बांधून ठेवायच्या. दिवसभर आपल्याला पोरीला शिवता यायचं नाही, तेवढं तरी तिला आपल्या चांगल्या हातचं मिळावं म्हणून.

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं, पाहिलं ते सांगितलं. त्यांचं लिहिणं थांबलं. पुष्पलताने पदर डोळ्याला लावला. मयुरी एकटक माझ्याकडे पाहत होती. मग ती म्हणाली, “बाबा, हे तुम्ही मले आधी काहून नाही सांगितलं?” मला ठाऊक नव्हतं की तिला ठाऊक नाही. एका घरात तीन वर्षं राहून सासूने सांगितलं नाही, सुनेने विचारलं नाही. आपण दोघांनी पाहिलं होतं, पण आपल्याला वाटलं, यात बोलण्यासारखं काय आहे.

गूळ वाईट झाला, हे खरंच आहे. डॉक्टर दीप्तींनी ते लपवलं नाही. दिवसभर तोंडात गूळ आणि त्यात मिरचीच्या हाताने पोरीच्या तोंडात बोट घालून दात पुसणार कोण? मयुरी शाळेतून दमून यायची, तिला वाटायचं आजी पुसत असेल. म्हणून गूळ राहिला तो राहिलाच. पण त्या म्हणाल्या की आम्ही आजवर विचारत होतो, बाळाला काय देता. आता हेही विचारणार, की बाळ सांभाळणाऱ्याच्या हातांना दिवसभर कसलं काम असतं. कोणाचे हात शेणात असतात, कोणाचे सिमेंटात, कोणाचे मिरचीत. अशा बाईला नुसतं ‘दात पुसा’ सांगून काय होणार? तिला वेळ बांधून दिली पाहिजे. पहाटे पुरचुंडी बांधण्याऐवजी त्याच वेळी, त्याच स्वच्छ हातांनी, ओल्या फडक्याने हिरड्या पुसायच्या. पहिला दात आला की ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. रात्री पुन्हा एकदा, आईने. आणि अधूनमधून ओठ वर उचलून हिरडीपाशी पाहायचं. कीड काळी होण्याआधी तिथे पांढरी रेघ येते, खडूने ओढल्यासारखी. त्या रेघेवर धरलं तर दात परत सुधारतो. आमच्या वेदिकाची रेघ कधी आली आणि गेली, कोणी पाहिली नाही.

त्यांना भिवापूरच्या सातऱ्यावर यायचं आहे. मिरची खुडणाऱ्या बायकांशी बोलायचं आहे, आणि सुरुवात प्रयागवहिनींपासून करायची आहे. चूक दाखवायला नाही. वहिनींना ठाऊक असलेलं त्यांना ठाऊक नाही, म्हणून. मी त्यांना काही कबूल केलं नाही. तुझ्या घराचा उंबरा आहे, तू सांगशील तसं.

त्यानंतर एकदा मयुरीला पाहिलं, हिरव्या मिरच्या चिरल्यावर स्वतःचं बोट डोळ्यापाशी नेऊन पाहत होती. मग पुष्कळ वेळ नळाखाली हात धरून उभी होती.

तुला आठवतं, पोरांच्या लग्नात आपल्याला एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणावं लागलं होतं? व्याह्यांनी अरे-तुरे करायचं नाही म्हणून भटजींनी दटावलं. भर मांडवात तू मला ‘जागेश्वरराव, जेवण झालं का’ विचारलंस आणि आपण दोघे पंगतीतून उठून मागे जाऊन हसलो. वहिनींनी आपल्याला तिथे पकडलं आणि म्हणाल्या, व्याही झाले पण पोट्टेच राहिले. मी त्यांना विहीणबाई म्हणायला हवं होतं, माझ्या तोंडून वहिनीच निघालं, आणि त्यांनी ते तसंच चालवून घेतलं. अशी बाई आपल्या घरात असताना तिच्यासमोर आपण तोंड मिटून बसावं, हे मला आता बरं वाटत नाही.

मागच्या आठवड्यात चंदन आला तेव्हा एक गाठोडं घेऊन आला. वहिनींनी दिलं म्हणाला, सांगावा काही नाही. उघडलं तर येणाऱ्या बाळासाठी जुन्या लुगड्याची दुपटी, धुऊन धुऊन मऊ केलेली. मयुरीने एकेक उलगडून पाहिलं. टाके हाताचे होते, तुझ्या मशीनचे नव्हते. तिला सातवा महिना सरत आला आहे. पुष्पलताने इथे बाळंतपणाची तयारी चालवली आहे, बाज कुठे टाकायची तेही ठरलं आहे. मयुरीने दुपट्यांची घडी घातली, ती मांडीवर घेऊन बसली, आणि तिने मला जे सांगितलं त्यासाठी हे पत्र.

हे पत्र तुझ्या नावाने आहे, ताराचंद, पण ते तुझं नाही. प्रयागवहिनी घरात असतील तेव्हा मोठ्याने वाच. पहिल्यापासून वाच, आपल्या पोरकटपणासकट. त्या उठून आत जातील. गेल्या तरी थांबू नकोस, तुझं घर काही फार मोठं नाही, आवाज पोचतो. आणि या ओळीवर आलास की जरा सावकाश वाच, कारण हे मयुरीचे शब्द आहेत, मी फक्त उतरवून घेतो आहे. ती म्हणाली, “बाबा, बाळंतपणाले मी भिवापूरले जातो. हे लेकरू पहिल्या दिवसापासून आईच्या हवाली करतो. त्यांना म्हणा, सकाळचे हात त्यांचे, संध्याकाळचे माहे. मी त्या दिवशी बोलली ते माह्या तोंडून परत घेता येत नाही, म्हणून तुम्ही लिहा.” आई म्हणजे पुष्पलता नाही, वहिनी. पुष्पलताला क्षणभर लागलं, मग ती उठून दुपटी ट्रंकेत भरायला लागली. दवाखाना उमरेडचा धरू, तिथून तुमचं घर जवळ. तू उलट पत्र लिहू नकोस, तुझं अक्षर मला लागत नाही. वहिनींनी एकदा फोन हातात घेऊन वेदिकाला नावाने हाक मारली, एवढंच केलं, तरी मी येत्या रविवारी मयुरी, वेदिका आणि सोबतीला पुष्पलता, अशा तिघींना गाडीत बसवून देतो.

तुझाच,
जागेश्वर